नभोवाणीवरच्या गावगप्पा

गप्पा मारणे हा आपल्या लोकांचा आवडता उद्योग असला, तरी त्याला आपण कधी मान दिलेला नाही. कीर्तनाला मान आहे, प्रवचनाला आहे, वसंत व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाला तर हारतुऱ्यांसकट आहे. गप्पांच्या वाट्याला मात्र ‘रिकामटेकड्यांचा धंदा’ एवढीच पदवी आली. वास्तविक गावाचा कारभार जितका चावडीवर चालतो तितकाच तो पारावर, ओट्यावर, पाणवठ्यावर आणि एस. टी.च्या थांब्यावर चालत असतो. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, सोसायटीचे कर्ज कोणाला मिळाले आणि कोणाचे अडले, शाळेत मास्तर वेळेवर येतात की नाही, दिल्लीने नवे काय काढले आणि त्याची झळ आपल्या चुलीपर्यंत केव्हा पोहोचणार, या साऱ्या गोष्टींची छाननी तिथेच होते. आणि गंमत अशी की, यातले गावचे कोणते आणि देशाचे कोणते, असा प्रश्न तिथे कोणालाही पडत नाही. विहिरीवरून बोलणे धरणावर जाते, धरणावरून मंत्र्यावर जाते आणि मंत्र्यावरून पुन्हा आपल्या विहिरीवर येते.

या गप्पा नभोवाणीवर आल्या म्हणजे त्यांचे काय होते, एवढाच या लेखाचा विषय आहे. रेडिओवरच्या बोलण्याची समीक्षा करण्याची आपल्याकडे चाल नाही. बोललेला शब्द हवेत विरून जातो, त्याचे काय परीक्षण करावयाचे, असा एक आक्षेप घेतला जातो. पण मग नाटकाचा प्रयोगही पडद्याबरोबर संपतो आणि गवयाची मैफलही उजाडले की संपते. त्यांच्यावर आपण पानेच्या पाने लिहिली. तेव्हा विरून जाणे हा काही समीक्षेला अडसर नव्हे. खरी अडचण निराळी आहे. रेडिओवरचे बोलणे ही एक कला आहे आणि तिलाही कसोट्या असतात, हेच आपल्या गावी नाही. आवाज गोड आहे, उच्चार स्वच्छ आहेत, एवढे म्हटले की आपली समीक्षा संपली.

मी आयुष्याची बरीच वर्षे रेडिओ ऐकण्यात घालवली आहेत. त्या ऐकण्यातून माझ्यापुरती एक कसोटी मी ठरवून टाकली आहे. ती अशी: बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याकडून उत्तर मिळते का, आणि मिळालेल्या उत्तराने त्याचे पुढचे बोलणे बदलते का? बदलत असेल तर ती गप्पा; नसेल तर ते व्याख्यान, मग ते दोघांनी मिळून का केलेले असेना. या कसोटीवर आपल्या नभोवाणीची सत्तर-एक वर्षे घासून पाहिली म्हणजे काही गमतीच्या आणि काही खेदाच्या गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट अभिमानाची आहे, आणि ती पुण्याची आहे. १९५६ साली मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडून पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून एक प्रयोग करण्यात आला. युनेस्कोचे साहाय्य त्याला होते. मूळ कल्पना कॅनडातली. तिकडे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत असत. हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावली की, शेजारीपाजारी कोणा एकाच्या घरी जमत, आगाऊ पाठवलेली पत्रिका वाचत, रेडिओवरची चर्चा ऐकत, मग आपसांत बोलत आणि आपले म्हणणे लिहून परत पाठवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, अशी त्यांची चतुःसूत्री होती.

पुण्याच्या प्रयोगात ही रीत आपल्या मातीत लावून पाहिली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. दर गावी पंधरा-वीस जणांचे एक मंडळ. त्याचा एक अध्यक्ष आणि टिपणे ठेवणारा एक चिटणीस. संध्याकाळी मंडळी रेडिओभोवती जमायची, कार्यक्रम ऐकायची, आणि रेडिओ बंद केला की खरे काम सुरू व्हायचे. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे विषय असत. मंडळाचे मत काय पडले, शंका कोणत्या निघाल्या, गावाने काय करावयाचे ठरवले, हे सारे लिहून पुण्याला पाठवले जाई, आणि त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. म्हणजे गाव बोलले की पुण्याच्या केंद्राला आपले बोलणे बदलावे लागे. माझी कसोटी इथे पुरेपूर उतरते.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवली होती. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने ती केली, आणि आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. माथुर हे सनदी अधिकारी असले तरी ‘कोणार्क’ या नाटकाचे लेखक म्हणून हिंदी वाचकांना अधिक ठाऊक आहेत. संवाद म्हणजे काय, हे नाटककाराला सांगावे लागत नाही. पाहणीत तीन प्रकारची गावे तपासली होती: रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ किरकोळच होती. याचा अर्थ उघड आहे. खोका कामाचा नव्हता, खोका बंद केल्यावर झालेले बोलणे कामाचे होते.

हा निष्कर्ष सोन्याच्या अक्षरांनी लिहून दर नभोवाणी केंद्राच्या दारावर लावावा, असा आहे. पण आपल्याकडे प्रयोग यशस्वी झाला की त्याची योजना होते, आणि योजना झाली की तिचा आकडा होतो. १९५९ च्या नोव्हेंबरात ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली. त्यांची संख्या भराभर वाढली, पण संख्येबरोबर जिव्हाळा वाढत नाही. चिटणिसाच्या टिपणांना पुण्यात जो वाचक भेटला तो सगळीकडे भेटणे शक्य नव्हते. उत्तर येईनासे झाले की माणूस पत्र पाठवायचा थांबतो, मग ते पत्र मुलाला असो की सरकारला. हळूहळू मंडळे ओसरली.

त्या प्रयोगाचे दोषही सांगितले पाहिजेत. मंडळांत बसणारे बहुतेक पुरुष होते. जिच्या डोक्यावर हंडा, तिने पाण्यावर काय बोलावे हे लिहून घेणारा चिटणीस तेव्हा नव्हता. शिवाय प्रश्न गावाचे असले तरी विषय पुण्यात ठरत. गावाला उत्तर देण्याची मुभा होती, बोलणे काढण्याची नव्हती. आणि बोलणे कोण काढतो यावर गप्पांचा निम्मा रंग अवलंबून असतो, हे गप्पा मारणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

शहराकडे वळलो तर निराळेच चित्र दिसते. मुंबई आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका जुन्या श्रोत्यांना विसरता येणार नाही. प्रभाकर जोशी यांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी, अशी ही तीन माणसे. पंत आणि वहिनी घरातली. भावजी बाहेरून येणारे. ते आले की त्यांच्याबरोबर घरात जग येत असे. महागाई, टंचाई, शेजार, सरकारी फतवे, नव्या रीती, सगळे त्या एका दिवाणखान्यात चहाच्या कपाबरोबर मांडले जाई. आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत त्या वेळेला भांड्यांचा आवाज बंद होत असे.

मराठी नभोवाणीने गप्पा या प्रकाराची जी रचना साधली, तिचा हा उत्तम नमुना होय. याचे कारण लेखकांनी आणि नटांनी एक साधे सत्य ओळखले होते. माणसे ‘समस्या’ या विषयावर बोलत नाहीत. ती रॉकेलवर बोलतात, साखरेवर बोलतात, नळावर बोलतात, आणि तसे बोलता बोलता देशावर बोलून जातात. वहिनींचा आवाज किंचित चढला की ऐकणाऱ्याला कळे, आता घरातली गोष्ट बाहेरची झाली. भावजींचा विनोद गंभीर गोष्टीला उडवून लावीत नसे. ती गोष्ट घरात यायला जरा अंग चोरत असे, तिला तो हात धरून आत आणी. विनोदाचे हे काम फार थोड्यांना साधते.

तरी माझ्या कसोटीवर ही श्रुतिका निम्मीच उतरते. ती गप्पांचे चित्र होती, गप्पा नव्हे. घरोघरचे खरे प्रभाकरपंत आणि खऱ्या मीनावहिनी ऐकून हसत, एकमेकांकडे बघून मान हलवीत, पण त्यांच्या हसण्याचा आवाज चर्चगेटपर्यंत जात नव्हता. दुसरे असे की, नभोवाणी सरकारची. तिच्यावरचा विनोद कुठपर्यंत जाऊ शकतो, याची एक अदृश्य रेघ असणारच. सरकारी घरात राहणाऱ्याने भिंतीला खिळा ठोकताना जेवढा विचार करावा, तेवढा तो त्या लेखकांना करावा लागला असणार. त्या मर्यादेत त्यांनी जे केले त्याला मी मनापासून दाद देतो. पण मर्यादा ती मर्यादाच.

ही रेघ हलवायला कारण झाले क्रिकेट. कोणाला खरे वाटणार नाही, पण आपल्या देशात खेड्यातल्या बाईला रेडिओवर बोलण्याचा जो हक्क मिळाला, त्याचा उगम एका क्रिकेट स्पर्धेच्या तंट्यात आहे. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेचे आणि दूरदर्शनचे सामन्यांच्या प्रक्षेपणावरून वाजले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या एकट्याच्या ताब्यात असू नये. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि मुख्य निकालपत्र त्यांच्या लेखणीतून उतरले. पुढे २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. एका मराठी न्यायाधीशाने हवा लोकांच्या नावावर चढवली, याची आपण फारशी नोंद घेतलेली दिसत नाही. सातबाऱ्यावर गुंठाभर जमीन चढली तरी आपण पेढे वाटतो!

निकाल लागला तरी कबजा मिळायला वेळ लागतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको. आधी खासगी कंपन्यांना शहरांत केंद्रे मिळाली. त्यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तिथला निवेदक अखंड बोलतो, पण त्याला काही सांगायचे आहे म्हणून नव्हे, तर गप्प बसले की श्रोता दुसरीकडे जाईल या भीतीने. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले केंद्र उघडले. नोव्हेंबर २००६ मध्ये मात्र खरी वेस ओलांडली गेली: लोकांत काम करणाऱ्या संस्थांनाही परवाना मिळू लागला. यालाच ‘सामुदायिक रेडिओ’ म्हणतात. याची झेप जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरची, म्हणजे एका आठवडी बाजाराच्या टापूएवढी. निदान निम्मे कार्यक्रम त्या टापूतल्या लोकांना घेऊन तिथेच केले पाहिजेत, असा नियम आहे. आज देशात अशी केंद्रे पाचशेच्या आसपास आहेत.

त्यांतले एक तेलंगणात, त्या वेळच्या मेदक जिल्ह्यात, माचनूर नावाच्या गावी आहे. संघम रेडिओ हे त्याचे नाव. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी जोडलेल्या दलित, कोरडवाहू शेतकरी बायकांनी हे केंद्र उभे केले. परवाना मिळण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून या बायका बोलणी, गाणी, बियाण्यांची माहिती टेपवर भरून घेत आणि गावोगावच्या संघांच्या बैठकींत ती वाजवून दाखवीत. म्हणजे हवा मिळाली नव्हती तेव्हाही त्यांचे बोलणे तयार होते. १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्राचे उद्‌घाटन झाले, ते न्यायमूर्ती सावंतांच्या हस्ते. निकालपत्र लिहिणाऱ्याला आपल्या निकालाचा आवाज कानांनी ऐकायला मिळणे, ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे.

संघम रेडिओची थोरवी मला कशात वाटते? तिथे विचारणारी आणि सांगणारी एकाच बांधावरच्या आहेत, यात. तज्ज्ञ शेतकऱ्याला विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. तो परीक्षा घेत असतो. एक शेतकरीण दुसरीला विचारते की, बाई, तुझी ज्वारी यंदा कशी काय टिकली, तेव्हा तिला ते खरोखर हवे असते. हवे असलेल्या प्रश्नाचा आवाज वेगळाच लागतो. भाषा कळली नाही तरी तो कळतो. १९५६ च्या मंडळांत जी दाराआड उभी होती, ती इथे ध्वनिक्षेपकाच्या पुढे बसली. बोलणे काढण्याचा हक्क तिच्याकडे आला. पुण्याच्या प्रयोगाची उणीव भरून निघाली ती इथे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी केंद्रे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, माण तालुक्यात, ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ पासून चालते. माणदेश म्हटला की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकर आठवतात. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारा हा लेखक पुढे पुणे आकाशवाणीवर अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रम सांभाळीत होता. माणदेशाला तेव्हा आपला आवाज ऐकवण्यासाठी एक लेखक पुण्याला पाठवावा लागला. आज त्याच दुष्काळी मुलखात स्वतःचा मनोरा उभा आहे. माडगूळकरांनी ज्या बोलीला कागदावर जागा दिली, ती आता कोणाच्या लेखणीची वाट न पाहता थेट हवेतून जाऊ शकते. वाङ्मयाच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी, असे मला वाटते. ग्रामीण साहित्यावर आपण परिसंवाद घेतो, पण ग्रामीण माणूस प्रत्यक्ष बोलतो आहे तिकडे आपला कान नाही.

इथवर गुणवर्णन झाले. आता दोषांकडे वळले पाहिजे, कारण सणाच्या दिवशी गोड बोलावे हे खरे असले तरी समीक्षेला पाडवा नसतो.

पहिला दोष केंद्रांचा स्वतःचा. हवा हाती आली, पण जुनी बोलण्याची खोड सुटली नाही. अशा लहान केंद्रांवर पुष्कळदा ऐकू येणारा, कोणत्याही एका केंद्राचा नव्हे असा, एक मासला सांगतो. कार्यक्रमाचे नाव ‘संवाद’. निवेदिका गावचीच मुलगी, घरी छान माणदेशी किंवा वऱ्हाडी बोलणारी. पण लाल दिवा लागला की ती एकदम शासकीय परिपत्रकात बोलू लागते. “पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करण्यात यावी का, याबद्दल आपण काय सांगाल?” समोरचे साहेब सांगतात, करण्यात यावी. संवाद संपला. शेजारी बसलेली म्हातारी बियाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवत आली आहे. ते बरोबर की चूक, आणि साहेबांच्या औषधाशी त्याचे कसे जुळवायचे, हे तिला विचारायचे आहे. पण तिच्या वाट्याला शेवटी एक ओवी येते. माझे ओवीशी वाकडे नाही. पण बाईच्या तोंडून ओवी ऐकायची आणि तिचे मत ऐकायचे नाही, हा काही तिचा मान नव्हे.

हे का होते? एक तर या केंद्रांना पैसा लागतो, आणि तो पुष्कळदा सरकारी खात्यांच्या आणि मोठ्या संस्थांच्या प्रचार-कार्यक्रमांतून येतो. ज्याचे मीठ खावे त्याची भाषा तोंडात बसते. दुसरे म्हणजे, बोली ही गाण्यापुरती आणि विनोदापुरती, विचार मात्र छापील मराठीत करावा, असे आपण शाळेपासून शिकवले आहे. शहरातल्या आपल्यासारख्या वाचकांचाही यात वाटा आहे. बोलीत कोणी कर्जमाफीवर बोलू लागला की आपल्याला ‘ग्रामीण ढंग’ ऐकल्याचे सुख होते. त्याच्या युक्तिवादाकडे लक्ष जात नाही.

दुसरा दोष कायद्याचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करण्याची मनाई आहे. फार तर आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी, किंवा आपल्या बोलीत करून, ऐकवता येते. हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षांचे निकाल, साथीचे रोग, अशी उपयोगाची माहिती देता येते. म्हणजे गावच्या नळाला पाणी केव्हा येणार हे सांगता येते. का येत नाही, यावर बोलणे वाढले की निवेदिकेची नजर दाराकडे जाते.

कांद्याचे उदाहरण घ्या. कांद्याला बाजारात काय भाव निघाला, हे गावचे बोलणे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. हे देशाचे बोलणे झाले. आता नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाने यांतले एक बोलावे आणि दुसरे गिळावे, ते कसे? चाळीत साठवलेला कांदा सडतो आहे, एवढे त्याने सांगावे, आणि कशामुळे, असे कोणी विचारले तर “आता ऐकू या एक भक्तिगीत” म्हणावे? ज्याने पारावर बसून कधी गप्पा ऐकल्या आहेत, त्याला कळेल की गावचे आणि देशाचे यांच्यामध्ये अशी भिंत घालता येत नाही. ती घातली की उरते ते बोलणे नव्हे, उरतात सूचना.

इथे मला १९५६ ची आठवण होते, आणि आश्चर्य वाटते. तेव्हा सरकारनेच गावाला रेडिओ दिला आणि सांगितले की, ऐका आणि मग त्यावर चर्चा करा. चर्चा हीच आम्हाला हवी आहे. आज गावाजवळ स्वतःचे केंद्र आहे, आणि नियम सांगतो की, बातमी ऐकवा, पण तिच्यावर चर्चा करू नका. सत्तर वर्षांत यंत्र गावात आले, आणि चर्चा मात्र वेशीबाहेर उभी राहिली.

या मनाईच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते टाळणे बरे नव्हे. लहान केंद्र गावातल्या एखाद्या बड्या धेंडाच्या हाती जाईल; निवडणुकीत त्याचा भोंगा होईल; जातीजातींत तेढ लावणारे कोणी बोलून बसेल; अफवा पसरेल. ही भीती खोटी नाही. खेडे म्हणजे काही गोकुळ नव्हे. पण मग हेच धेंड तालुक्याचे साप्ताहिक काढू शकते, फलक लावू शकते, सभा घेऊ शकते. शहरांतल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर देशाच्या प्रश्नांवर रात्रभर जो कलकलाट चालतो, त्याला परवानगी आहे. भ्रमणध्वनीवरून अफवा क्षणात गावभर होते आणि तिचा बाप कोण हे कोणालाच कळत नाही. या सर्वांत रेडिओच असा आहे की, ज्याच्यावर बोलणारीचा आवाज दहा किलोमीटरांतला प्रत्येक माणूस ओळखतो. उद्या बाजारात तिची गाठ पडणार असते. चुकीचे बोलली तर तिथेच तिला धरता येते. उत्तराची एवढी हमी दुसऱ्या कोणत्या साधनात आहे? चुकीच्या बोलण्यावर इलाज म्हणजे दुसऱ्याला बोलू देणे. दोन्ही बाजूंना वेळ द्या, जे बोलले गेले त्याची नोंद ठेवा, द्वेषाच्या बोलण्याला कायद्याने शिक्षा करा. त्यासाठी सरसकट तोंडाला पट्टी बांधणे म्हणजे पदार्थ करपेल म्हणून चूलच न पेटवणे.

आणखी एक गोष्ट. जिथे चालू घडामोडींवर बोलताच येत नाही, तिथे केंद्रे आपोआप निरुपद्रवी विषयांकडे वळतात, आणि मग आपणच म्हणतो की सामुदायिक रेडिओवर काही दम नाही, नुसत्या पाककृती आणि भक्तिगीते. दम कोठून येणार? सर्वांत ताजे, सर्वांत तापलेले जे बोलणे, ते तर आधीच वगळले. ‘पुन्हा प्रपंच’मधून भावजींना यायला बंदी केली असती, तर पंत आणि वहिनी किती दिवस भाजीच्या फोडणीवर बोलत बसले असते?

तेव्हा माझे मागणे दुहेरी आहे. केंद्र चालवणाऱ्यांकडे एक: लाल दिवा लागला तरी घरचीच भाषा बोला, पाहुण्या साहेबांना एक प्रश्न विचारलात तर म्हातारीला दोन विचारा, आणि आज कोणी काय विचारले ते पुढच्या कार्यक्रमाच्या आरंभी सांगा. १९५६ च्या चिटणिसाची वही पुन्हा काढा. त्या वहीवाचून तुमचा मनोरा म्हणजे नुसता उंच खांब आहे. दुसरे मागणे नियम करणाऱ्यांकडे: हवा लोकांची आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. मालकाला आपल्या घरात कोणत्या विषयावर बोलावे याची यादी भाडेकरूने देऊ नये.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक आहे. दिवाळीला घर भरलेले असते. मुंबई-पुण्याचे भाऊ, गावाकडचे काका, सासरहून आलेल्या लेकी, सगळे एका चटईवर. चकलीच्या भाजणीवरून बोलणे डाळीच्या भावावर जाते, भावावरून दिल्लीवर जाते, काका तावातावाने एक बाजू घेतात, जावई दुसरी घेतो, आणि आजी मधेच असे काही बोलून जाते की दोघेही गप्प होतात. हे बोलणे नीट ऐका. आपल्या गावाजवळ असे एखादे केंद्र असेल तर एक दिवस तेही लावून पाहा. घरातल्या चटईवरचे बोलणे आणि त्या केंद्रावरचे बोलणे यांत किती अंतर आहे ते मोजा, आणि केंद्राला एक पत्र लिहून कळवा. त्यांना पत्रांची सवय राहिलेली नाही. उत्तर आले तर उत्तम. नाही आले तर दुसरे पत्र टाका.